चेहरा झाका, हात राहू द्या

धुके हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर असेल, पण तिथंही ते कुणी वाचत नसावं. माणसांच्या तोंडावर धुकं पसरवायचं त्यांचं काम, म्हणून धुके. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याची लाजबीज काही वाटत नाही. सुरुवातीला ते चिडले, मग नुसतेच गप्प बसू लागले, आणि एके दिवशी फोन उचलून स्वतःच म्हणाले, "धुके बोलतोय." तेव्हापासून कचेरीत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

आमची वाहिनी सरकारच्या पैशानं चालायची आणि सरकारमधल्या कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. माहितीपत्रकात हेच जरा बऱ्या भाषेत छापलेलं होतं. एका इमारतीत कितीतरी भाषांतल्या बातम्या तयार व्हायच्या. प्रत्येक भाषेचं एक टेबल. आमचं टेबल वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, जिथं हिवाळ्यात हीटर चालत नसे आणि उन्हाळ्यात बंद होत नसे. ज्या देशातून आम्ही सगळे निघून आलो होतो, त्या देशासाठी आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास बातम्या द्यायचो. तिकडे आमची वाहिनी बघायला बंदी होती, त्यामुळे तिकडे घरोघर तीच बघत.

बातम्या मी वाचायचे. माझं तिकडे कुणी उरलेलं नाही, म्हणून माझं तोंड उघडं. ज्यांचं तिकडे कुणी आहे त्यांनी पडद्यावर दिसायचं नाही, असा टेबलाचा नियम होता. तिकडच्या लोकांना आमची सगळी नावं पाठ होती, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण तोंड दाखवलं की ती चिथावणी होते, आणि चिथावणीचा हिशेब मागे राहिलेल्यांकडून चुकता केला जातो. धुक्यांची ताई तिकडे होती. तिला अधूनमधून चौकीत बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवत. विचारायचं काही नसे, नुसतं बसवायचं. मग संध्याकाळी घरी सोडायचं.

धुक्यांची खोली म्हणजे एक कोंदट खुराडं. खिडकी नाही, भिंतींना जाड कापड, दोन पडदे आणि एक खुर्ची. खुर्चीवर जुन्या स्वेटरची घडी घातलेली. चहाची केटली त्यांची स्वतःची. कुणी मागितली तर देत, पण देताना असं तोंड करत की किडनीच काढून देतायत. टेबलाच्या खणात नेलकटर. दर सोमवारी सकाळी काम सुरू करायच्या आधी बसून नखं कापायचे, टिक, टिक, टिक, आणि तुकडे कागदात गुंडाळून टाकायचे. "अहो, घरी कापा की," मी म्हणायचे. "घरी उजेड नाही, बाई," ते म्हणायचे. बाई म्हणजे मी. इथं तरी कुठं उजेड होता? पण वाद घालण्यात अर्थ नसे. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून एक कान अधू झालेला, त्यामुळे नको ते ऐकू न येण्याची सोय त्यांच्याकडे कायमची होती.

आणखी एक सवय. विचार करत असले की उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या हाताच्या बोटांची टोकं धरायची, एकामागून एक, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "बाबांची सवय. घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक स्क्रू धरून बोटं बधिर व्हायची." घड्याळाचं दुकान आणि बाबा जाऊन युग लोटलं, सवय तेवढी राहिली.

कामात मात्र माणूस डोळ्यांत तेल घालून बसायचा. तिकडून चोरून केलेलं चित्रीकरण यायचं. कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असे, ते सांगत असे. कोण, कुठल्या गावचं, हे आम्हाला कळवतच नसत, आणि तेच बरं होतं. चेहऱ्यावर धुकं टाकायचं, आवाज जाड किंवा पातळ करायचा, हे कुणीही करेल. धुके भिंतीवरचं कॅलेंडर पुसायचे, खिडकीचे गज पुसायचे, मागे कुठं शाळेची घंटा वाजली तर ती काढून टाकायचे. मग व्हरांड्यातून जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून आत आणायचे. दुसऱ्या भाषेच्या टेबलावरचा असो, झाडूवाला असो. पडद्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "ओळखू येतं का कोण आहे?" तो बिचारा म्हणायचा, "नाही बुवा." "छान," असं म्हणून धुके त्याला परत व्हरांड्यात सोडायचे. ही त्यांची परीक्षा. इतकी वर्षं सगळे पास झाले.

आता हातांचं सांगते. आमच्या प्रमुखांचा एक जुना आग्रह होता. चेहरा झाका, हात राहू द्या. प्रमुख म्हणजे टेबलाचे मुख्य, आमच्यातलेच एक, अकाली टक्कल पडलेले. त्यांचं म्हणणं असं की सगळंच पुसलं तर प्रेक्षकाला वाटतं आपल्याशी भिंत बोलतेय, आणि भिंतीवर कोण विश्वास ठेवणार? माणसाचं काहीतरी खरं दिसायला हवं. हात दिसले की माणूस खरा वाटतो. हे खोटंही नव्हतं. आमच्या वाहिनीवरचे ते हात तिकडे प्रसिद्ध होते. मांडीवर ठेवलेले, पेला धरलेले, एकमेकांत गुंतवलेले. तोंड नसलेल्या माणसांचे हात.

धुक्यांची ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा यांना आंघोळ घालण्यापासून कान उपटण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. तिकडे धरपकड सुरू झाली तेव्हा हिनंच यांना घराबाहेर काढलं. "राहिलास तर मरशील, आणि मग मला रडत बसावं लागेल, मला वेळ नाहीये," असं म्हणाली म्हणे. मला ती बाई न भेटताच आवडली होती.

दर रविवारी सकाळी ताईचा फोन. कान अधू म्हणून धुके फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवायचे, आणि त्यांच्या खोलीत बातम्यांची प्रत तपासायला बसलेली मी सगळं ऐकायचे. मी उठून जायला लागले तर म्हणायचे, "बसा हो, त्यात काय आहे ऐकण्यासारखं?" खरंच काही नसायचं. फोनवर दोघांची अळीमिळी गुपचिळी. तिकडचे फोन ऐकले जातात हे शेंबडं पोरही जाणून असतं. म्हणून कुणाचं नाव घ्यायचं नाही, गल्लीचं नाही, वाहिनीचं तर नाहीच. बोलायचं ते गुडघे, दात, थंडी आणि भाजी यांबद्दल. इतक्या वर्षांत ताईनं कधी ताकास तूर लागू दिली नाही. नुसत्या गुडघ्यांवर दोन माणसं इतकं बोलू शकतात, हे मला त्या खोलीत कळलं.

तिकडे चौकात गोळीबार झाला त्या हंगामातली ही गोष्ट. सरकार म्हणत होतं कुणी मेलं नाही, चारदोन जखमी आहेत. मग आमच्याकडे चित्रीकरणाचा एक तुकडा आला. एक बाई बसलेली. शिवणकाम करणारी. तिला इस्पितळात बोलावून नेलं होतं आणि पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवायला बसवलं होतं. लांब पिशव्या, एका बाजूनं उघड्या. कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. ती शांतपणे सांगत होती. कापड कुठलं, टाका कसा, दोरा मध्येच संपला तेव्हा दुसरा कसा आला. आणि शेवटी म्हणाली, "मापं वेगवेगळी होती. काही मापं लहान होती."

मी वाचणारी बाई. मला मेलेल्यांचे आकडे सरळ आवाजात वाचायची सवय आहे. पण त्या 'लहान' शब्दापाशी मी धुक्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

धुक्यांनी तिचा चेहरा झाकला. आवाज इतका बदलला की बाई आहे की बुवा ते कळू नये. शिवणाचं यंत्र मागे दिसत होतं, तेही धुक्यात गेलं. हात राहू दिले. ती बोलताना मांडीवरचं कापड तळहाताच्या कडेनं सपाट करायची आणि मग शिवण चिमटीत धरून ओढून बघायची, टाका पक्का आहे का ते. पुन्हा सपाट, पुन्हा चिमूट. व्हरांड्यातून दोघातिघांना आणून विचारलं. कुणालाही ओळखता आलं नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही तो तुकडा दाखवला. मला आठवतंय, बुलेटिन संपल्यावर प्रमुखांनी धुक्यांच्या पाठीवर थाप मारली आणि धुक्यांनी कुणी न मागता सगळ्यांना चहा केला.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. मी खोलीतच होते.

"अरे छोट्या!" ताईचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता, लहान मुलीसारखा. "अरे काल कोण दिसलं सांगू? त्या हातांवरून मी तर लगेच ओळखलं. आपल्या कोपऱ्यावरची शिवणवाली रे ती!" आणि तिनं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. "माझे सगळे कपडे तीच शिवते. तो टाका ओढून बघायची खोड तिचीच! काय धीराची बाई, मला तर..."

धुक्यांनी फोन बंद केला. बंद केला म्हणजे त्यावर हात आपटला. मग त्या हाताकडे बघत राहिले.

ओळखीचं माणूस टीव्हीवर दिसलं तर कुणाच्या तोंडाला कुलूप राहतं? आपण शेजारणीला हाक मारतो, भावाला फोन करतो. ताईनं तेच केलं. इतक्या वर्षांत एकदाच, अभिमानानं. तिला दोष देणाऱ्याच्या मी मुस्काटात मारीन.

त्यानंतर धुके जसे पळाले तसं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रमुखांच्या घरी फोन, तांत्रिक विभागात फोन. रविवारी दुपारी तुकडा पुन्हा दाखवायचा होता, तो काढला. संकेतस्थळावरून काढला. प्रमुखांनी एका शब्दानं अडवलं नाही. पण हे सगळं बैल गेला अन् झोपा केला. तोवर तिकडे हजारो मोबाइलमध्ये तो उतरला होता. शिवणवालीला निरोप पोचवायचा प्रयत्न झाला. ज्याच्यामार्फत तुकडा आला होता, तो माणूस दोन दिवस सापडला नाही, आणि सापडला तेव्हा त्यानं एवढंच कळवलं की कोपऱ्यावरचं दुकान बंद आहे. यंत्र दारात पडलंय. बाई नाही.

आमचा धंदा बातम्यांचा. पण ही बातमी द्यायचीसुद्धा सोय नव्हती. 'आमच्याशी बोललेल्या महिलेला नेलं' असं मी वाचलं असतं, तर ती तीच होती यावर आम्हीच शिक्कामोर्तब केलं असतं. कदाचित अजून त्यांची खात्री नसेल, कदाचित ती नाकारत असेल. म्हणून गप्प. त्या आठवड्यात मी पूर आला म्हणून वाचलं, गव्हाचे भाव वाचले, कुठल्या तरी खेळाचा निकाल वाचला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

ती परत आली नाही. मेली असंही कळलं नाही. आजही मला माहीत नाही.

धुक्यांनी ताईशी बोलणं बंद केलं.

रविवारी सकाळी फोन वाजायचा. टेबलावर थरथरत थोडा सरकायचा, मग थांबायचा. थोड्या वेळानं पुन्हा. धुके हेडफोन लावून कुठलं तरी काम उकरून काढून बसायचे. महिने गेले. एका रविवारी मला राहवलं नाही. "अहो, म्हातारी बाई आहे ती. तिला वाटत असेल तुम्ही रागावलात. की रागावलाच आहात?"

त्यांनी हेडफोन काढले. "बाई, मी तिच्यावर रागावीन?"

"मग उचला की."

"उचलला तर ती विचारेल, काय झालं. मी काही नाही म्हणेन. आणि तिला कळेल. मी खोटं बोललो की तिला पाळण्यात होतो तेव्हापासून कळतंय." थोडा वेळ बोटांची टोकं चिमटत बसले. "लोकांचे आवाज बदलतो मी. माझा कसा बदलू?"

"कळलं तर काय होईल?"

"तिनं नाव घेतलं, बाई. फोनवर. तिच्या नाव घेण्यामुळे ती शिवणवाली गेली, असं तिच्या मनात आलं तर ती त्याच दिवशी संपेल. माझी ताई आहे. मला माहितीय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना खाऊन टाकत होती ती एकच गोष्ट. ती बाई कशानं पकडली गेली? हातांमुळे की फोनमुळे? हातांमुळे असेल तर चूक त्यांची. त्यांनी परीक्षा घेतली ती अनोळखी माणसांची, आणि अनोळखी माणूस कशाला कुणाला ओळखेल? पकडून देणारा शेजारीच असतो, रोजचा, ज्यानं ते हात हजार वेळा पाहिलेले असतात. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं ध्यानात आली नव्हती. पण फोनमुळे असेल, तर ताईची. "ताईनं ओळखलं खरं," ते म्हणायचे, "पण ताईची नजर घारीची. बाकीच्यांनी ओळखलं असेल का? गल्लीतल्या चारचौघांनी? तेवढं कळलं पाहिजे."

"कळून काय करणार?"

"कळलं की माझ्याच हातून झालं, तर ताईला फोन करीन," ते म्हणाले.

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी कसली देता, ज्यांनी नेलं त्यांना बोला ना. हात राहू द्या म्हणणारे प्रमुख होते, त्यांना बोला. त्यांच्या अधू कानानं आपलं काम चोख केलं.

त्यानंतर नखं कापणं थांबलं. सोमवारी सकाळी टिक, टिक ऐकू येईना. मी इतकी वर्षं त्या आवाजावर वैतागले, आणि आता तो येत नाही म्हणून वैतागू लागले. प्रत्येक चित्रात ते आता सगळंच झाकायचे. हात, पाय, सावली. पडदा राखाडी. चेहरा झाका, हात राहू द्या, हे वाक्य प्रमुखांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही.

मग आमचं टेबलच बंद झालं. इकडे निवडणुका झाल्या, नवे लोक आले, आणि परक्या भाषांतल्या बातम्यांवर आपल्या लोकांचा पैसा का घालवायचा, असा प्रश्न कुणीतरी सभागृहात विचारला. प्रश्न विचारणाऱ्याला आमचा देश नकाशात सापडला नसता, पण त्याचं काही अडलं नाही. काही भाषा राहिल्या, काही गेल्या. आमची गेली. तिकडच्या सरकारनं जे इतकी वर्षं जंग जंग पछाडून जमवलं नव्हतं, ते इकडच्यांनी एका कागदावर सही करून दिलं. संताप गिळून रोज संध्याकाळी टापटीप बसून मी बातम्या वाचायचे.

शेवटच्या बुलेटिनला प्रत्येकानं एकदोन वाक्यं बोलावीत असं ठरलं. लेखक, निर्माते, भाषांतर करणारे, सगळ्यांनी. ज्यांचं तिकडे कुणी आहे त्यांचे चेहरे अर्थात झाकून. ते काम धुक्यांचंच. सगळ्यांना त्यांनी नखशिखांत राखाडी करून टाकलं. शेवटी स्वतःला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि मला म्हणाले, "बटण दाबा, बाई."

मी दाबलं. ते टेबलाशी बसले, बोटांची टोकं चिमटू लागले, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग म्हणाले, "चेहरे झाकणं हे माझं काम होतं. सगळे झाकले गेले नाहीत."

आत जाऊन त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर धुकं टाकलं, आवाज बदलला. आणि हात राहू दिले. वाढलेल्या, कडा काळ्या पडलेल्या नखांसकट.

"हे काय?" मी म्हटलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"बघायचंय," ते म्हणाले. "गल्लीत जुनी माणसं आहेत अजून. बाबांना पाहिलेली. नुसत्या हातांवरून मला ओळखतात का, बघायचंय."

"आणि ताईला चौकीत बसवलं तर?"

"वाहिनीच बंद झाली, बाई. आता कुणाला चिथवणार?"

मला ते पटलं नाही. पण त्या माणसाकडे बघून नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. तो तुकडा तसाच दाखवला गेला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खोली रिकामी करताना त्यांची केटली चुकून माझ्या खोक्यात आली होती, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मीच ती मुद्दाम उचलली होती. एकट्या माणसाकडे जायला काहीतरी निमित्त लागतं. घर म्हणजे एक खोली आणि ओटा. ते म्हणाले होते ते खरं होतं, उजेड नव्हताच. फोन टेबलावर मध्यभागी ठेवलेला, आणि ते त्याच्यासमोर बसलेले.

फोन वाजला. त्यांनी उचलला. कितीतरी महिन्यांनी.

"छोट्या," ताई म्हणाली. आवाज खंगला होता. मग नेहमीसारखा चढला. "नखं केवढी वाढवलीयस रे! रानटी माणसासारखी. काप आधी."

धुके हसले. हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्यांनी ते बाहीनं पुसलं. "तू बघितलंस, ताई?"

"मी कुठली बघतेय? माझ्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. सगळं दुधासारखं दिसतं. लोकांनी येऊन सांगितलं. तुमचा भाऊ बसला होता म्हणे, बापासारखा बोटं चिमटत. नखं वाढलेली. जेवत नसेल, म्हणाले."

"लोकांनी?" धुके उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडावर मी काही पाहिलं नव्हतं, आणि आता तिथं जे आलं होतं त्याला आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. हातांवरून ओळखलं. ताईनं नव्हे, चारचौघांनी. म्हणजे फोन नव्हे. म्हणजे ताई नव्हे. "नुसत्या हातांवरून? ताई, कोणी ओळखलं?"

"ओळखलं. गल्लीत."

"हो, पण गल्लीत कोणी? किती जणांनी? सांग ना, ताई. कोणी कोणी?"

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं फोन कटला. धुक्यांनी फोन चांगल्या कानाशी नेला आणि परत टेबलावर ठेवला.

"छोट्या," ताई म्हणाली, अगदी हळू. "मी आता फोनवर कुणाचं नाव घेत नाही रे."

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं तेव्हापासून. दर रविवारी ती फोन करत होती ते हेच सांगायला असेल, किंवा हेच विचारायला. आणि इकडे फोन उचलला जात नव्हता. त्याचा अर्थ तिनं एकटीनंच लावला असेल, आणि दोष आपल्याच माथी घेतला असेल.

"ताई," ते म्हणाले. "हातांमुळे झालं ते. माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही."

"बरं," ताई म्हणाली. लहान मूल काहीतरी सांगतं आणि आपण बरं म्हणतो, तसं. "गुडघा कसा आहे तुझा?"

"बरा आहे. तुझा?"

"थंडी पडली की दुखतो."

फोन कुणीच ठेवला नाही. दोन्हीकडचा श्वास खोलीत ऐकू येत होता. धुके हळूच खुर्चीत बसले आणि टेबलाच्या खणात हात घालून कचेरीतून आणलेलं नेलकटर शोधू लागले. मी उठून केटलीत पाणी भरलं.